खंडेनवमीला गिटारचं तेल-कुंकू

मंडळी, आज खंडेनवमी. आमच्या देवासच्या घरी तलवारीपासून विळीपर्यंत सगळ्यांना तेल लावून पूजा होते. यंदा सासूबाईंनी माझी गिटारही पाटावर घेतली आणि बोटं फिरतात त्या लाकडी पट्टीवर भरपूर तिळाचं तेल चोळलं!

मी ओरडलेच, "आई, याला वेगळं तेल असतं, तेही थेंबभर! हे चिकट होईल."

"अगं, किती सूखी पडली होती बिचारी!"

मग तारा काढून दोघींनी सुती फडक्याने पट्टी पुसपुस पुसली. वाचली!

लग्नापासून 'तुझं ते टुणटुण' म्हणणाऱ्या सासूबाईंनी आज तिला तलवारीशेजारी बसवलं. तेल पुसलं, माथ्यावरचं कुंकू मात्र राहू दिलंय.

तुमच्याकडे यंदा पाटावर नवीन कोण आलं?