बावड्याच्या काळ्या मातीतली कारवी

धाकट्या यमूला बावड्याला देऊन वर्ष होत आलं, तरी आईच्या जिवाला घोर होता. आमचं गाव मावळात, डोंगराला टेकलेलं. तिकडं सगळं सपाट. सासरी जाताना पोरीनं कड्यावरचं कारवीचं रोप मुळासकट नेलं होतं. दिवाळी सरताच आईनं मला पिटाळलं. यमू रमली नसेल तर घेऊनच यायचं.

जाणाऱ्यांनी दौंडपर्यंत मोठी आगगाडी धरावी, तिथून बारामतीची छोटी. ही बाईसाहेब मनाला येईल तिथं थांबते, तेव्हा भाकरी बांधून घ्या. बारामतीत कालव्याकाठी गुऱ्हाळं लागली होती. कोमट काकवी खाऊन प्रवास सार्थकी लागला. इंदापूरपर्यंत मोटार. भाडं सहा आणे, धूळ फुकट. पुढं बैलगाडीतून टेकाडही दिसेना, तेव्हा मला यमूची फार दया आली.

कारवी अंगणातच होती. पानं पिवळी, खोड मऊ पडलेलं. यमूचे सासरे, आबा, मोठ्या कौतुकानं मला तिच्यापाशी घेऊन गेले.

"म्या रोज दोन कळश्या वततो, पाव्हणं. पान्याला तोटा न्हाय आपल्या हितं. फुलं कवा येत्याल?"

कारवी सात वर्षांनी फुलते, असं मी सांगितलं. मग सात वर्षं वततो की, म्हणाले.

मी वाकून खोड चाचपलं. कारवीचं घर म्हणजे उभा उतार. पावसाळाभर पाणी अंगावरून निघून जातं, उरलेलं वर्ष ती कोरडी उभी असते. इथं काळ्या मातीत तिची मुळं कुजत होती. आबा पडले बागाईतदार. सुकलं की पाणी, एवढंच त्यांना ठाऊक.

यमू भाकऱ्या थापत होती. आबांना थांबव, असं मी तिला हळूच म्हणालो. पाण्यानंच रोप कुजतंय, हे तिला कधीच कळलं होतं.

"दादा, मी आल्यावर कुणाशी बोलतच नव्हते. आबांनी काही विचारलं नाही, नुसतं रोपाला पाणी घालायला लागले. त्यांना नको कसं म्हणू?"

माहेरी चल म्हटलं, तर आता आमचं गुऱ्हाळ लागेल, जमायचं नाही म्हणाली. 'आमचं' ऐकून मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

मी एकटाच परतलेला पाहून आईनं आधी रोपाचं विचारलं. ते जगत नाही म्हटल्यावर तिचे डोळे भरले. मग मी आबांचं सगळं सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"ते रोप गेलं की दुसरं नेऊन दे," ती म्हणाली. "भरलेली कळशी घेऊन कुठं जातील व्याही?"