अकरा माणसं, एक रविवार आणि शीतलचा पाय

लोणावळ्याला जायचं ठरलं ते धबधबे बघायला नाही. माझी धाकटी बहीण शीतल तिकडच्या एका लष्करी प्रशिक्षण केंद्रात आहे. कुठल्या ते लिहिणार नाही, तिनेच बजावलंय. तीन महिन्यांनी तिला पहिल्यांदाच बाहेर सोडणार होते, रविवारी दहा ते चार. फोनवर म्हणाली, "ताई, तू आणि आईदादा, तिघंच या." मी हो म्हटलं. लिहितानाही डोकं तापतंय, कारण गेलो आम्ही अकरा.

आमचे चुलते, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, त्यांनी शीतलची निवड झाली त्याच आठवड्यात कमानीजवळ फ्लेक्स लावला होता. आमच्याकडे हल्ली असंच असतं. भरती झाली की फ्लेक्स, ट्रेनिंग पुरं करून आलं की उघड्या जीपमधून मिरवणूक. हौस असते, असू दे. पण ती आत गेल्यावर भाऊंनी मिरवणुकीची तारीखसुद्धा छापून टाकली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी दादांना, म्हणजे वडिलांना म्हटलं, की ट्रेनिंग अजून निम्मंही झालेलं नाही. ते म्हणाले, "त्याची हौस हाय, आपुन कशाला मोडायची?"

रविवारी भाऊंनी आठ माणसांची गाडी केली. आम्ही तिघं बेगडेवाडीहून सकाळच्या लोकलने निघालो, आणि तुम्हालाही माझा हाच सल्ला. तिकीट चहा-वड्याहून स्वस्त, वाटेत तळेगाव, कामशेत, मळवली, आणि पाऊण-एक तासात लोणावळा. दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. रविवारी जुन्या हायवेने गाडी घालू नका. भाऊंची गाडी वलवणला तासभर अडकली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

स्टेशनपासून गेटपर्यंत रिक्षावाल्याने पर्यटकांचा दर सांगितला. आई म्हणाली, "पोरगी हाय माझी आत." त्याने निमूट पन्नास कमी केले. गेटवर आधारकार्ड लागतं, प्रत्येकाचं, मूळचं. घरचा डबा आत जाणार नाही, तो बाहेर बसूनच खायचा.

शीतल आली. पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस, काळवंडलेला चेहरा. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायला लागली. शीतल हसत होती, पण चालताना उजवा पाय जपून टाकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "बूट नवीन आहेत." मी ते खरं मानलं. मोठी बहीण म्हणवते आणि खरं मानलं.

एका बाकावर बसून आम्ही भाकरी आणि मटणाचं सुकं खाल्लं. तेवढा अर्धा तास आमचा. मग भाऊ आले, लवाजम्यासकट.

"युनिफॉर्म कुटंय तुजा?" हे त्यांचं पहिलं वाक्य. बाहेर येताना तो घालायचा नसतो म्हटल्यावर नाराज झाले. मग सगळ्यांना गाडीत कोंबून दरीच्या पॉइंटवर नेलं. जागा सुंदर आहे, नाही म्हणत नाही. समोर खोल दरी, वाऱ्यात कणसं भाजल्याचा वास. पण मला त्यातलं काही धड आठवत नाही, कारण भाऊंनी मोबाइल काढला आणि म्हणाले, "शीतल, जरा पळून दाखव. गावाच्या ग्रुपवर टाकायचंय."

ती पळाली. पहिल्यांदा कुणीतरी मध्ये आलं म्हणून परत पळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर ती म्हणाली, "ताई, बाथरूमला चल." पाच रुपये देऊन आत गेलो. तिने पँट वर केली. नडगी सुजून टम्म झाली होती. नुसतं बोट लावलं तर तिने ओठ चावला.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"डॉक्टर आहेत ना आत?"

"आहेत. दाखवलं तर उपचार करतात, पण मागच्या बॅचमध्ये टाकतात. मग शेवटची परेड लांबते. भाऊंनी तारीख छापलीय, ताई. दादा सगळ्यांना सांगत फिरतायत."

तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन पार्किंगमध्ये, चिक्कीचे पुडे मोजत उभ्या असलेल्या भाऊंना मी सरळ म्हटलं, "तुमच्या तारखेपायी पोरगी मोडक्या पायाने पळतेय."

"आगं, सवय होते. आमची पोरगी काय नाजूक हाय व्हय?"

"तुमचे पाय नाहीत ना ते."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, शीतलच्या पायाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चला, चार वाजतील." बस्स, एवढंच. त्या क्षणी भाऊंपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला.

गेटवर मी शीतलला सांगितलं, "उद्या सकाळी दाखवायचं. नाहीतर आत्ता मीच आत सांगते." तिने माझा हात घट्ट धरला. "नको. माझं मला सांगू दे." मी सोडून दिलं.

पुढच्या रविवारी मी घरीच होते. तिला पाचेक मिनिटं फोन मिळतो. एरवी तो स्पीकरवर टाकून मध्ये ठेवतात आणि जो तो ओरडून बोलतो. जेवलीस का, परेड कधी, भाऊ विचारतायत. त्या दिवशीही तसाच ठेवला, भाऊही येऊन बसले होते. शीतल म्हणाली, "दाखवला पाय. हाडाला बारीक चीर आहे. मला मागच्या बॅचमध्ये टाकलं." भाऊ ताडकन उठले. "आगं, मग तारखेचं काय करायचं?"

दादांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला, कानाला लावला आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेले. मी मागोमाग गेले.

"दुखतंय का लय?" ते विचारत होते. मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. "व्हय... व्हय, बाळ... न्हाई, तू न्हाई चुकली. मी पायलं होतं तितं, तू लंगडत होतीस ते. मी पायलं होतं."

माझा राग अजून गेलेला नाही.