खुर्च्या कोणाच्या

खेड्यातल्या पोरांनी नोकरीमागे न धावता धंदा करावा, असं मी कन्हानकडच्या गावांमध्ये भाषणं देऊन सांगत असतो. स्वतः मात्र बुटीबोरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं नोकरी करतो, तीही मामांनी शब्द टाकला म्हणून लागलेली. धंदा मी एकदाच केला. मनीषनगरात पोह्यांचा ठेला टाकला होता. निम्मे पोहे मीच खायचो. तीन महिन्यांत ठेला बसला आणि माझं पोट सुटलं. भाषणात हे मी सांगत नाही.

परवा एका गावात ‘जोखीम घ्या’ म्हणत टेबलावर मूठ आपटली आणि माइकच बंद पडला. विशीतली एक मुलगी आली, वायर हलवून तिनं तो सुरू केला आणि पुन्हा मांडवाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ग्रामपंचायतीत कामाला असेल. मोठ्या मनानं म्हणालो, “काहून उभी आहेस वं? बस ना. तुझ्या फायद्याचंच सांगून राहिलो.”

“मले बसून कसं जमन सर?” ती म्हणाली. “मांडव माहा, माइक माहा, खुर्च्याबी माह्याच हायेत. तुमचं झालं का बाजूच्या गावात न्याच्या हायेत. तिथंबी असंच भाषण हाय.”

पोरं हसली. मी उरलेले मुद्दे गाळले आणि भाषण आटोपलं.

निघताना ती गाडीपाशी आली. “सर, पुढचं भाषण कुठं हाय? आधी सांगत जा. खुर्च्या ठेवून देईन तुमच्यासाठी.”