फियाटला गार वारं

आमचे मालक लालासाहेब मिलिटरीत अठरा वर्सं गाड्या दुरुस्त करून कुंडलला परत आले. पेन्शनीतल्या माणसानं गप पारावर बसावं का न्हाई? पर न्हाई. त्र्याण्णव साली जुनी फियाट आणली आन् माझ्या सुखाला नाट लागला.

त्यांचं म्हणणं, इंजान गरम हवेत गुदमरतंय; बाहेरचं गार वारं पाजलं की लय पळंल. मळ्यातल्या मोटारीचा उरलेला काळा पाईप त्यांनी हवेच्या फिल्टरला जोडला आन् तोंड पुढच्या जाळीतनं बाहेर काढलं. मापाला म्हणून माझी चुलीची फुकणीबी नेली. दारात येईल त्याला गार हवेवर व्याख्यान. च्या मात्र मी करायचा.

एवढा खटाटोप कशापायी, ते मला ठाव हुतं. आमची एकुलती एक क्रांती नर्सिंग शिकलेली. तिला शाळेत घातलं मी, होस्टेलवर सोडलं माझ्या भावानं. बाप कवा राजस्थानात, कवा आसामात. आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात दहाला तिची मुलाखत हुती. ह्या खेपेला पोरीला मीच सोडणार, असं त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. लोक हार बॉनेटला घालत्यात. आमच्या मालकांनी हळद-कुंकू लावून झेंडूचा दांडगा हार पाईपाच्याच तोंडाला गुंडाळला. खरा मानकरी ह्योच म्हणे.

मुलाखतीच्या सकाळी आमी तिघं निघालो. तासगावच्या अलीकडं गाडी धापा टाकाय लागली आन् बंदच पडली. मालकांनी प्लग काढून पुसलं, पेट्रोल बघितलं, बॅटरी हलवली. पाईपाला हात न्हाई. क्रांती दोनदा म्हणाली, आबा, पाईप बघा की. तर तिलाबी व्याख्यान. शेवटी मिरजेची एस्टी दिसली. पोरीनं हात केला, चढली आन् गेली. वळूनसुदिक बघितलं न्हाई.

माझं डोस्कं फिरलं. पाईप हिसका मारून उपटला. आत झेंडूच्या पाकळ्यांचं बूच बसलेलं.

"केवढी वढ हाय बघ," मालक म्हणाले. मग त्यांनी मोकळ्या रस्त्याकडं बघितलं आन् तोंड असं उतरलं, की माझ्या शिव्या घशातच ऱ्हायल्या. मला लय वाईट वाटलं.

पाईप उसात भिरकावून त्यांनी गाडी चालू केली. एस्टी गाठली, पर पुढं काय काढली न्हाई. पोरीपुढं जायला तोंड नव्हतं. गार वारं पिणारं इंजान मिरजेपातूर एस्टीचा धूर खात मागनंच गेलं.

स्टँडवर उतरल्यावर क्रांतीला आमी दिसलो. गुमान मागचं दार उघडून आत बसली. दवाखाना तिथनं दोन मिंटांवर हुता.

फाटकात वॉचमननं गाडी अडवली. कुणाची गाडी, इथं कशाला आणली, म्हणून तो खेकसला.

क्रांती खाली उतरली, साडी नीट केली आन् म्हणाली, "माझ्या वडलांची हाय. मला सोडाय आल्यात."