खंडेनवमीचा फ्रिज

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. आमच्यातलं कुणी कधी लढाईला गेल्याचं ऐकिवात नाही. हत्यारं म्हणजे विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर आणि फ्रिज. पहिला मान आई फ्रिजला द्यायची. मला नोकरी लागल्यावर आलेला तो पांढरा, ठेंगणा, एका दाराचा फ्रिज. दाराच्या वरच्या कोपऱ्यात ती ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढायची, दरवर्षी त्याच जागी. पुढं पुढं तिथला तांबूस डाग पुसला जाईना. इतक्या वर्षांत बदललं ते फक्त दाराचं रबर. मोटर सुरू होताना तो अंग झाडल्यासारखा हलायचा, वरची बरणी किणकिणायची. "उठला," आई म्हणायची.

गेल्या साली माझ्या मुलानं पुण्याहून नवा फ्रिज पाठवला. दुकानातली माणसं हार घेऊन आली. त्यांनी आईच्या हातात कात्री दिली, फ्रिजला बांधलेली रिबीन तिच्याकडून कापून घेतली आणि फोटो काढले. साखर कारखान्याच्या उद्घाटनाला मंत्री उभे राहतात तशी ती उभी होती. फरक इतकाच, की तिला ते नको होतं. नव्याच्या दारावर काळी काच, काचेत आकडे. बोट लावलं की थंडी कमी-जास्त. जुना आम्ही आमच्याच मंगळवार पेठेतल्या दूधवाल्याला देऊन टाकला.

खंडेनवमीला आईनं सवयीनं पाच बोटं ओढली, ती नेमकी त्या काचेवर. आकडे लुकलुकले आणि गेले. संध्याकाळपर्यंत दूध नासलं.

मेकॅनिक आला. कुंकवाचं पाणी फटीतून आत गेलं होतं.

"आज्जी, ह्याला पाणी चालत न्हाय."

"देवाचं हाय ते."

"असू दे की. वॉरंटीत देव बसत न्हाय."

"मग ह्यो टिकायचा कसा?"

"आता कुठलं टिकतंय? पाच-सात वर्सं चालला तरी लई झालं."

ऐंशी ओलांडलेल्या आईला एखादी वस्तू आपल्या आधी जाईल, हे ऐकायची सवय नव्हती.

यंदा खंडेनवमीला ती पूजेचं ताट घेऊन चपला घालू लागली.

"कुठं निघालीस?"

"त्याची पूजा करून येतो."

मीही बरोबर गेलो. दूधवाल्याच्या दुकानात जुना फ्रिज भिंतीशी उभा होता, आत दह्याची भांडी. दारावर झेंडूचा हार होता आणि त्याच कोपऱ्यात, जुन्या डागावर, ताजं कुंकू.

"या आज्जी," दूधवाला म्हणाला. "आमच्या हिनं सकाळीच पूजा केली. लई गुणाचा फ्रिज दिलासा बघा."

"डाग घासला न्हाईस व्हय?"

"घासला की. जाईना. मग ही म्हणली, जागा हाईच, तर तिथंच लावू."

तेवढ्यात मोटर सुरू झाली, दार थरथरलं.

"उठला," आई म्हणाली. दूधवाल्याला काही कळलं नाही. बोटावर घेतलेलं कुंकू तिनं पदराला पुसलं. दुसऱ्याच्या घरच्या हत्याराला आपण कुंकू लावत नाही.

घरी येऊन ती नव्या फ्रिजसमोर उभी राहिली आणि ताटातल्या अक्षता लांबूनच टाकल्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या नवऱ्या मुलावर टाकतात तशा. त्या काचेवरून घसरून फरशीवर पडल्या. नंतर मी त्या झाडून घेतल्या.