माझ्या पोरीचे काळे कपडे

माझी पोरगी श्रावणी काळे कपडे घालते. रोज. सणाले काळे, वाढदिवसाले काळे, मामाच्या घरी जेवायले जाताना काळे. ते घालून फोटो काढते, खाली चार ओळी लिहिते आणि इंटरनेटवर टाकते. याले ब्लॉग म्हणतात. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, "याचा पगार काय?"

"काही नाही."

"मग काहून करून राहिली?"

तर म्हणते, "आई, तू रोज रांगोळी काढते, तिचा पगार काय?" असं तोंड आहे तिचं. माझ्यावर गेली, दुसरं काय!

आमी अमरावतीले राजापेठेत राहतो. तिचे बाबा उद्धवराव शाळेत गणित शिकवतात आणि घरात मौन पाळतात, म्हणून बोलायचं काम माझ्याकडंच. बाकीच्या पोरी दुकानात जातात. ही कुठं जाते ते ऐका. कोर्टाच्या मागं एक शिंपी बसतो, त्याच्याकडून वकिलांनी टाकलेले काळे कोट. भंगारवाल्याकडून एनसीसीचे जुने बूट. वरूडच्या एका बँडवाल्यानं नवे ड्रेस शिवले, तर त्याचा पितळी बटनांचा जुना कोट ही उचलून आली! मी म्हटलं, "अवो बाई, आता सनईही आण, म्हणजे वरात काढता येईन." पोरगी हसली आणि तोच कोट घालून कॉलेजले गेली.

पण तिचं खरं दुकान अकोल्याले. मामाकडं गेली असताना जुन्या शहरात तिले बिस्मिल्लाबीचं दुकान सापडलं. तिथं बुरख्याचं कापड मिळते. बिस्मिल्लाबी साठीची बाई, गळ्यात टेप, बोलायले गोड आणि कापडाच्या बाबतीत कडक. श्रावणी म्हणाली, "काळं कापड दाखवा." त्यावर बिस्मिल्लाबीनं विचारलं, "कौनसा काला, बेटा?" आणि अकरा थान उघडून ठेवले. एक निळसर काळं, एक तपकिरीकडं झुकलेलं, एक चमकणारं, एक नुसतं गडद. पोरगी दोन घंटे तिथून उठली नाही. घरी आल्यावर जेवताना मले अकराच्या अकरा समजावून सांगितले, वरण थंड झालं तरी थांबेना.

ते साल दोन हजार चौदाचं. आधी गारपीट झाली, मग पाऊस लांबला, सोयाबीन गेलं, कापसाले भाव नाही. खेड्यातलं गिऱ्हाईक बाजारात येईना. बिस्मिल्लाबीले वेळच वेळ, म्हणून पोरगी सुटीत मामाकडं गेली की ती तिले बेतायले आणि शिवायले शिकवू लागली. आणि श्रावणी ब्लॉगवर लिहू लागली, विकत न घेता कसं सजायचं ते. भावाचा शर्ट काळ्या रंगात बुडवून कुर्ता कसा करायचा, आईच्या विटलेल्या साडीचा काठ कुठं लावायचा. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका पोरीनं तिले लिहिलं, "ताई, यंदा दिवाळीले आमच्या घरी कोणालेच कपडे नाहीत. तुझं पाहून मी दोन शिवले. वर्गात सगळ्या विचारून राहिल्या." श्रावणीनं हे मले वाचून दाखवलं. मी वरून म्हटलं, "बरं बरं, मेथी निवड." आतून मात्र मले लय बरं वाटलं होतं, खोटं काहून सांगू?

पण शेजारच्या माणिकबाईले कोण समजावणार? दर चार दिवसांनी कुंपणावरून सुरू. "विमल, पोरगी सदा काळ्यात फिरते, शोभते काय? एवढं वाईट साल, त्यात घरोघर काळजी, आणि हिचा हा अपशकुन!" जशी काही गारपीट माझ्या पोरीनंच बोलावली होती! तरी रोज रोज ऐकून माणसाचं डोकं फिरतेच. माझंही फिरलं. मी पोरीले म्हटलं, "संक्रांतीले आपल्याकडं हळदीकुंकू आहे. त्या दिवशी काळं चालते, खुशाल घाल. पण चाळीस बायांतल्या एकीनं जरी नाव ठेवलं, तर काळं बंद. तो ब्लॉगही बंद."

पोरगी पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "मंजूर. पण त्या दिवशी तू मी दिलेली साडी नेसायची." मी हो म्हटलं.

साडी दिली काळीभोर, आणि तिले माझ्याच लग्नातल्या फाटक्या शालूचा जरीकाठ लावलेला. कापड कुठलं विचारलं, तर म्हणे अकोल्याचं. मले वाटलं, बिस्मिल्लाबीकडं तर बुरख्याचं कापड, हे कोण्या मोठ्या साडीच्या दुकानातलं असन. नेसली तर बाप्पा! निऱ्या एकदा घातल्या त्या दिवसभर हलल्या नाहीत.

हळदीकुंकवाले बाया आल्या त्या आधी माझ्याच साडीले हात लावून पाहून राहिल्या. माणिकबाईनं तर पदर बोटांत धरला आणि विचारलं, "चंद्रकळा कुठून घेतली वो? मलेही पाहिजे." मी अशी फुगली! श्रावणीनं काळ्या घागऱ्यावर तो बँडवाल्याचा कोट चढवला होता आणि वरून हलव्याचे दागिने. बाया हसल्या, पण कौतुकानं. कोणी नाव ठेवलं नाही. मी मनात मोजून राहिली होती, छत्तीस झाल्या, चार राहिल्या.

तेवढ्यात दारात बिस्मिल्लाबी. श्रावणीनं तिले मुद्दाम अकोल्याहून बोलावलं होतं. मले पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, "अरे वा, विमलताई! हे तर आमचं निदा कापड! बुरख्यातही हे कापड असं पडत नाही."

माणिकबाई म्हणाली, "म्हणजे बुरख्याचं कापड? हळदीकुंकवात? देवासमोर? मी सांगतच होती, विमल, ही पोरगी कुठं नेऊन ठेवन!"

झालं. एकीनं नाव ठेवलं होतं. बिस्मिल्लाबी दारातच थांबली, एक चप्पल पायात, एक बाहेर. आणि श्रावणीनं माझ्याकडं पाहिलं, खाली मान घालून कोटाचं वरचं बटन काढू लागली.

ते बटन पाहून माझं टाळकंच सरकलं. "माणिकबाई," मी म्हटलं, "अर्ध्या घंट्याआधी हाच पदर धरून तुमी मलेही पाहिजे म्हणत होत्या. तेव्हा कापड चांगलं होतं, आता त्याले काय झालं? देव काय थान उलगडून पाहते काय? माझ्या पोरीनं हे केलं, या बाईनं तिले शिकवलं. दोघीही माझ्या घरात मानानं बसतीन. ज्याले बोचते, त्यानं तिळगूळ घ्यावा आणि घरी जावं!"

कोणी उठलं नाही. माणिकबाईही नाही, लालबुंद होऊन बसून राहिली. मी बिस्मिल्लाबीले हात धरून आत आणलं, शेजारी बसवलं. कुंकवाचा आग्रह केला नाही. हाताले अत्तर लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. जरा वेळानं एकीनं हळूच विचारलं, "बाई, दुकान कुठं आहे तुमचं?" मग दुसरीनं. मग तर पत्ता लिहून घ्यायले कागद पुरेना.

सगळ्यांत मागं श्रावणी उभी. म्हणाली, "आई, पण अट?"

"कोणती अट?"

"एकीनं नाव ठेवलं ना."

"ठेवलं तर ठेवलं! बटन लाव वरचं."

पोरगी भर हळदीकुंकवात गळ्यात पडून रडली आणि मीही रडली, चाळीस बायांसमोर. मग डोळे पुसले आणि तिले म्हटलं, आता माझा फोटो काढ. संध्याकाळी तिनं तो टाकला. खाली मी सांगितलं तसंच लिहिलं, "कापड बिस्मिल्लाबीचं, कारागिरी श्रावणीची, आणि नेसली आहे श्रावणीच्या आईनं. आता कोणी नाव ठेवून दाखवा."