ओडेसा पट्टी चढवत नाही

ओडेसा पेटिग्रू मिसिसिपीत नऊ वर्षांची असताना पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर बसली. सुरांची लिपी तिला कधीच वाचता आली नाही. एकोणिसाव्या वर्षी ती डेट्रॉइटला आली. आठवडाभर लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि रविवारी आमच्या मिझपा ग्रोव्ह चर्चमध्ये वाजवायची. मी गायकवृंदात तिच्या मागच्याच रांगेत उभी असायचे, तिच्या मानेवरचा घाम दिसेल इतकी जवळ.

आमच्याकडे प्रवचनाच्या शेवटी पाद्री बोलता बोलता गाऊ लागतो. एक ओळ ओरडतो, धापा टाकत श्वास ओढतो, आणि त्या श्वासाच्या फटीत ऑर्गन त्याला उत्तर देतो. मग ऑर्गनवाला पट्टी अर्ध्या सुराने चढवतो. त्याबरोबर पाद्री चढतो आणि लोक उठून नाचतात. या कामात ओडेसाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. टोलेडोपासून क्लीव्हलँडपर्यंत तिला बोलावणी यायची.

आम्हाला फार नंतर कळलं, एकोणीसशे एक्कावन्न साली टोलेडोला एक पाहुणा पाद्री असाच चढत होता. तो घशातून घरघरला, ओडेसाने उत्तर दिलं. पुन्हा घरघरला, तिने पट्टी चढवली. असं चार वेळा झालं. तो कोसळला तेव्हा लोकांना वाटलं, अंगात पवित्र आत्मा आला. ते नाचत राहिले, ती वाजवत राहिली. तो केव्हाच गेला होता.

"काय भाग्याचं मरण!" लोक म्हणाले. तिला कुणी बोल लावला नाही. पण त्यानंतर ती शब्द ऐकेनाशी झाली, फक्त श्वास ऐकायची.

चौऱ्याहत्तर साली आमच्या रेव्हरंड मॅक्लेमोरना हृदयविकाराचा झटका आला. अकरा आठवड्यांनी ते परतायचे होते. डॉक्टरांनी बजावलं होतं : वीस मिनिटं, तीही नुसतं बोलायचं.

त्या रविवारी आम्ही झगे चढवत होतो. गायकवृंदातली अर्नेस्टीन म्हणाली, "आज रेव्हरंड छप्पर उडवणार. मी टोपी सात पिनांनी ठोकून आलेय."

"टोपी राहील गं, पण खालचा केसांचा टोप?" मी म्हणाले.

आम्ही हसत असताना रेव्हरंडच्या पत्नी वेल्मा आत आल्या. चर्चमध्ये त्यांना सगळे 'फर्स्ट लेडी' म्हणत. त्यांनी ओडेसाचं मनगट धरलं. "सिस्टर, मी सांगून थकले. चढले तर ते परत खाली येणार नाहीत. माझं ते ऐकत नाहीत. तुमचा ऑर्गन ऐकतात."

ओडेसाने मनगट सोडवलं. "फर्स्ट लेडी, मला आज घरी जाऊ द्या."

"मग दुसरं कुणी बसेल, आणि ते चढवेल."

ती बसली.

वीस मिनिटं झाली, तीस झाली. रेव्हरंडनी कॉलरचं बटण काढलं आणि पहिली ओळ गायली. लोक उभे राहिले. बायकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे जोरात हलू लागले. त्या प्रत्येक पंख्यावर अंत्यसंस्कारवाल्याची जाहिरात होती, आणि आज मला त्या जाहिरातीकडे बघवेना. ओडेसाने उत्तर दिलं, बारीक आवाजात, त्याच पट्टीत. रेव्हरंडनी श्वास ओढला. त्या श्वासाच्या तळाशी काहीतरी ओलं वाजलं. माझ्या पुढ्यातली तिची मान ताठ झाली.

"वर चल, सिस्टर!" रेव्हरंड ओरडले.

ती त्याच पट्टीत राहिली.

"चढवा ना, मिस ओडेसा!" ड्रमवरचा क्लिओफस दातांतून म्हणाला. मागून कुणीतरी टोमणा मारला, "ऑर्गनला थंडी वाजली काय गं?"

"मला वर ने!" रेव्हरंड दुसऱ्यांदा ओरडले, आणि पुन्हा तेच ओलं वाजलं. ओडेसाचा आवाजाच्या पेडलवरचा पाय निसटून आवाज एकदम मोठा झाला, तेव्हा लोकांना वाटलं, आली एकदाची! तिने पाय सावरला. मग तिने मी जन्मात न ऐकलेली गोष्ट केली. पट्टी अर्ध्या सुराने खाली आणली.

रेव्हरंडचा आवाज पायरी चुकल्यासारखा अडखळला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आणखी अर्धा सूर खाली. चर्चमध्ये पंखे थांबले. रेव्हरंडनी शेवटचं वाक्य साध्या आवाजात म्हटलं आणि ते खुर्चीत बसले.

नंतर त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं, झगे घेऊन आम्ही बाहेर खिळलो होतो.

"तू माझ्या लोकांसमोर मला हात धरून खाली उतरवलंस."

"हो, रेव्हरंड."

"तेवीस वर्षं मला वर नेलंस. आज कशाला भ्यायलीस?"

तिने टोलेडोचं सांगितलं. आम्हीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. "तुमचा श्वास तसाच वाजत होता," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी मी चढणार. तू नाहीस तर दुसरं कुणी."

"दुसऱ्या कुणाला तो आवाज माहीत नाही."

रेव्हरंडनी पाण्याचा पेला उचलला. तो ओठांपर्यंत पोहोचलाच नाही, अर्धं पाणी झग्यावर सांडलं. दोघंही त्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

"रविवारी साडेनऊला ये," ते हळूच म्हणाले. "आणि मी कितीही ओरडलो तरी ऐकू नकोस."

ओडेसा बाहेर आली. तिने माझा दंड धरला. गाडीपर्यंत तो सोडला नाही.